मी खात नाही, एवढं पुरेसं आहे का?

एका पोलीस निरीक्षकाचं पत्र आलंय. लांब आहे, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.

"मॅडम, मला तू म्हणा, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या आहात. एका तालुक्याच्या पोलीस स्टेशनला इन्चार्ज म्हणून येऊन मला दोन महिने झाले. तुम्ही पण आपल्या ख्रिस्ती विश्वासातल्या आणि खाकीतल्या, म्हणून तुम्हालाच लिहितोय. चार्ज घेतल्याच्या चौथ्या दिवशी एक जुना हवालदार केबिनमध्ये पाकीट घेऊन आला, म्हणाला 'साहेब, तुमचं'. मी हात लावला नाही. तो शांतपणे म्हणाला, 'ठीक आहे साहेब, मग तुमचं पण वर जाईल, वरचं आम्ही बघून घेतो.' मटका, वाळू, हायवेचे दोन ढाबे, सगळं चालू आहे, मला माहीत आहे, मी घेत नाही. बायको म्हणते तू खात नाहीस ना, मग झालं, मुलांची शाळा आत्ताच लागलीय, उगाच वाकडं घेऊ नको. मलाही तसंच वाटतं, पण रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला उभा राहिलो की छातीत काहीतरी अडकतं.

दुसरं. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीतले एक वडीलधारे, ज्यांनी माझ्या पोस्टिंगसाठी उपवास धरून प्रार्थना केली होती, ते पाळकसाहेबांना घेऊन घरी आले. प्रार्थना झाली, चहा झाला, मग सांगितलं की बारा दिवसांपूर्वी रात्री बायपासला एका मोटरसायकलवाल्याला उडवून गेलेली गाडी त्यांचा मुलगा चालवत होता. गुन्हा अज्ञात वाहनावर दाखल आहे. 'अज्ञातच राहू दे, ए समरी जाऊ दे, पोराचं कॅनडाचं ठरलंय.' (ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, असा कोर्टात जाणारा रिपोर्ट.) जखमी मुलगा वेल्डिंगच्या दुकानात कामाला आहे, पाय दोन ठिकाणी मोडलाय. मी हो पण म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही.

तिसरं, दसरा जवळ आलाय, इथे शस्त्रपूजन इन्चार्जच्या हातून होतं. टेबलावर बायबल ठेवावं का हे पण विचारायचं होतं. चांगला ख्रिस्ती अधिकारी कसा होऊ?"

सलाम बाळा. तू म्हणते मग.

तुझ्या प्रश्नांचा क्रम मी बदलणार आहे, आधी अपघाताचं घेते कारण तिथे दिवस मोजले जातायत. पेट्रोल पंप, ढाबे, टोलनाका यांचं फुटेज बहुतेक ठिकाणी पंधरा-तीस दिवसांत आपोआप पुसलं जातं हे तुला मी सांगायला नको, आणि तुझे बारा दिवस गेलेत, पत्र माझ्यापर्यंत येण्यात अजून दोन-तीन गेले असतील. म्हणजे तू हो-नाही काहीच न बोलता बसलास तरी पुरावा आपोआप संपत जाणार, आणि मग तू म्हणशील मी तर काहीच केलं नाही. बरोबर, काहीच केलं नाही. म्हणून हे वाचून झालं की फोन बाजूला ठेव आणि आधी ते फुटेज जप्त करायला माणूस पाठव, पंचनामा कर, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट घे, बाकीचं नंतर वाच.

मग स्टेशन डायरीला नोंद कर. अमुक तारखेला अमुक वाजता माझ्या राहत्या घरी अमुक व्यक्तीने येऊन या गुन्ह्यातल्या वाहनाची आणि चालकाची माहिती दिली. लपवाछपवी नको, प्रार्थना झाली, चहा झाला ते लिहायची गरज नाही, माहिती दिली एवढं लिही. आणि त्याच दिवशी डीवायएसपींना, म्हणजे तुझ्या वरच्या पोलीस उपअधीक्षकांना, रिपोर्ट पाठव की संशयित माझ्या मंडळीतल्या कुटुंबातला आहे, त्या कुटुंबाशी माझा घरोबा आहे, शिवाय ही माहिती माझ्यासमोर दिली गेल्यामुळे मी स्वतः साक्षीदार होऊ शकतो, तरी तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा. पण हे फुटेज जप्त झाल्यावर, आधी नाही. पुरावा हातातून जाऊ देऊन नंतर तपास दुसऱ्याच्या गळ्यात मारणं म्हणजे येशूच्या खटल्यात रोमन सुभेदार पिलाताने पाणी मागवून हात धुतले तसंच होईल, आणि पिलाताचं काम तर पोलिसाच्याच जवळचं होतं, आरोपी निर्दोष आहे हे त्याला कळलेलं होतं, निर्णय त्याचा होता, गर्दी समोर होती.

त्या वडीलधाऱ्या माणसाला काय सांगायचं? घरी जा, पाया पडत असशील तर पाया पड, आणि स्पष्ट सांग की काका, मुलाला वकील घेऊन स्वतःहून हजर करा. त्यांना घाबरवू नकोस, खरं सांग. बेदरकार गाडी चालवून गंभीर दुखापत, हा गुन्हा आज भारतीय न्याय संहितेतही जामीनपात्रच आहे, पोरगं काही जन्माचं आत जात नाहीये. कॅनडा लांबेल, कदाचित राहील. जखमीला मदत करायची, दवाखान्यात न्यायची जबाबदारी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने चालकावर टाकलेली आहे, ती त्याने पाळली नाही, त्याचं उत्तर त्याला द्यावं लागेल.

आणि त्या वेल्डिंगवाल्या मुलाचा हिशेब पण त्यांच्यासमोर मांड, कारण 'अज्ञातच राहू दे' म्हणणाऱ्याला वाटतं की त्यात कुणाचं काही जात नाही. गाडी अज्ञात राहिली तर २०२२ च्या हिट अँड रन योजनेत गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात, संपलं. गाडी सापडली तर तो मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावू शकतो, गाडीचा विमा आहे, औषधपाणी, बुडालेली मजुरी, पायात राहिलेला अधूपणा, पुढची कमाई, सगळं मागता येतं. तू एक ए समरी पाठवलीस की हे सगळं त्याच्या ताटातून काढून कॅनडाच्या तिकिटात घातलंस. काकांना म्हणावं दवाखान्यात जा, त्या मुलाच्या आईला भेटा, मदत करा, पण गुन्ह्याची कबुली दिल्यावर, तोंड बंद ठेवायची किंमत म्हणून नाही. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं परत करायचं ठरवलं तेव्हा चौपट म्हणाला, आणि सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला.

पाळकसाहेबांचं मला जास्त वाईट वाटलं. मत्तयच्या शुभवर्तमानात शेवटच्या अध्यायात येशूच्या कबरेवरच्या पहारेकऱ्यांची गोष्ट आहे, दर ईस्टरला आपण ऐकतो पण तेवढा भाग सोडून ऐकतो. पहारेकऱ्यांनी जे पाहिलं ते येऊन सांगितलं, मग मुख्य याजकांनी आणि वडिलांनी बसून मसलत केली, शिपायांना भरपूर पैसा दिला आणि सांगितलं की असं म्हणा, आम्ही झोपलो होतो. आणि वर आश्वासन काय, तर सुभेदाराच्या कानावर गेलंच तर आम्ही त्याची समजूत घालू, तुम्हाला काळजी नाही. तुझा हवालदार जे बोलला, 'वरचं आम्ही बघून घेतो', ते वाचलं आणि मला तीच ओळ आठवली. पहाऱ्यावरच्या माणसाने आम्हाला काही दिसलं नाही असं रेकॉर्डला आणणं, हीच तुझी ए समरी. आणि तिथे ते सांगायला आलेले लोक पण धर्माच्या कामातलेच होते. पाळकांशी एकट्याने बोल, मंडळीसमोर नको, पण बोल. पुन्हा माझ्या घरी अशी प्रार्थना करू नका, म्हण.

आता पाकिटाचं. इथे मला वेळ लागणार आहे, कारण मी स्वतः या जागी बसलेली आहे.

नव्वदच्या दशकात मी एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक होते, पोलीस स्टेशनचं नाव सांगत नाही. मी घेत नव्हते. सगळ्यांना माहीत होतं की मॅडम घेत नाहीत, चर्चला जातात, आणि खरं सांगते मला त्याचा अभिमान होता, माझ्या वाट्याचं कोण घेतं याची चौकशीसुद्धा मी केली नाही, नको तो विषय म्हणून. एक दिवस एक म्हातारी आली, तिच्या चार शेळ्या चोरीला गेल्या होत्या. तिसऱ्यांदा आली होती. मी तिला म्हणलं आजी, मी बघते, आणि हे सांगायची काही गरज नव्हती तरी सांगितलं, इथे कुणाला पैसे द्यायचे नाहीत, मी पैसे घेत नाही. ती म्हणाली, "तू घेतले का नाही मला काय करायचं बाई, माझे तर गेले." फिर्याद लिहून घ्यायला पहिल्याच दिवशी काउंटरवर तीनशे रुपये घेतले होते, राहिलेलं एक करडू विकून तिने दिले होते. ज्याने घेतले तो माझ्याच हाताखालचा होता, सकाळी मला सॅल्यूट करायचा. मी त्याला बोलावून पैसे परत करायला लावले, पण त्याच्या आधी किती जण येऊन गेले असतील ते मला आजपर्यंत माहीत नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही. माझा स्वच्छपणा माझ्यापुरता होता, त्याने त्या काउंटरवर एका माणसाचेही पैसे वाचले नव्हते.

म्हणून तुझ्या बायकोच्या प्रश्नाचं उत्तर, नाही, पुरेसं नाही. तू शिपाई असतास तर कदाचित पुरेसं असतं. तू इन्चार्ज आहेस, तिथे जे गोळा होतं ते तुझ्या खुर्चीच्या नावाने गोळा होतं, ढाब्यावाला ज्याला पैसे देतो त्याला तो हवालदार माहीत नसतो, त्याला 'साहेब' माहीत असतात. तुझं पाकीट तू परत केलंस पण तुझं नाव तर तसंच वापरलं जातंय.

छातीत अडकतं म्हणालास ना, ते चांगलं आहे, ते जाऊ देऊ नकोस.

योहान बाप्तिस्मा करणाऱ्याकडे शिपाई आले होते, आम्ही काय करावं विचारायला, लूकच्या तिसऱ्या अध्यायात आहे. माझ्या आईने मला भरतीच्या वेळी ती ओळ पाठ करायला लावली होती. त्याने त्यांना नोकरी सोडा म्हणून सांगितलं नाही. तीन गोष्टी सांगितल्या, जबरदस्तीने कुणाकडून काही घेऊ नका, खोटा आरोप करू नका, आपल्या पगारात समाधानी राहा. दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे पण आपल्या खात्याच्या तक्रारींची फाईल उघड, या तिन्हीच्या बाहेर फारसं काही सापडणार नाही.

हप्ता बंद कसा करायचा? हवालदाराला केबिनमध्ये बोलावून भाषण देऊन होत नाही, मी करून पाहिलंय, चार दिवस बंद राहतं आणि पाचव्या दिवशी झिरो पोलीस म्हणजे बाहेरचा माणूस गोळा करायला लागतो. हप्ता म्हणजे धंदा चालू ठेवायची फी आहे, धंदा चालू राहिला नाही तर फी कोण देणार. मटक्यावर केस कर, पुढच्या आठवड्यात परत कर, लहान पोराला उचलून आणण्यापेक्षा चालवणाऱ्याचं नाव घे. वाळूला तहसीलदारांना सोबत घे, महसूलची कारवाई आणि चोरीचा गुन्हा दोन्ही होऊ दे, ट्रॅक्टर जप्त झाला की तो सोडवायला फोन येतील, त्या प्रत्येक फोनची वेळ आणि नाव लिहून ठेव. वरून कुणी तोंडी सांगितलं की राहू दे, तर नम्रपणे म्हण, सर लेखी द्या, लगेच करतो. तोंडी आदेश लेखी मागायचा तुला हक्क आहे. आणि कुणी थेट पैसे मागितले तर लाचलुचपतचा १०६४ नंबर पोलिसाला पण चालतो, आपल्या लोकांना वाटतं तो फक्त पब्लिकसाठी आहे.

पण आता एक गोष्ट ऐक जी चर्चमध्ये कुणी सांगणार नाही. ते पाकीट सगळंच बिअर बारमध्ये जात नाही. तुझ्या स्टेशनचा महिन्याचा खरा खर्च कधी काढलायस का? झेरॉक्स, कागद, गाडीचं कोट्यावरचं डिझेल, आरोपीला मेडिकलला न्यायची रिक्षा, बाहेरगावी तपासाला गेलेल्या टीमचं जेवण आणि लॉज, बंदोबस्ताला आलेल्यांचा चहा-नाश्ता. आणि बेवारस प्रेत. रेल्वे लाईनला, विहिरीत, हायवेला सापडलेलं प्रेत, त्याला उचलायला माणूस, बर्फ, कापड, लाकडं नाहीतर खड्डा, हे सगळं बघणाऱ्या अंमलदाराला पैसे वेळेवर कुठून मिळतात? मी अशा पोलिसांना ओळखते ज्यांनी अनोळखी माणसाचं कफन स्वतःच्या खिशातून घेतलं, आणि अशांनाही ओळखते ज्यांनी त्या कफनासाठी वाळूवाल्याला फोन केला, आणि तोच फोन पुढे सवय झाला. तू हप्ता बंद करशील आणि या खर्चाचं काहीच करणार नाहीस, तर तीन महिन्यांत तुझेच चांगले पोलीस तुला शिव्या देतील आणि ते चूक नसतील.

म्हणून आधी यादी काढ. एक महिना प्रत्येक खर्च वहीत लिहायला लाव, कुणाचा खिसा गेला तेही लिही, आणि ती वही जोडून एसपी ऑफिसला मागणी पाठव, मग परत पाठव, क्राईम मीटिंगला उभा राहून बोल. प्रेतासाठी नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला लेखी पत्र दे, ते त्यांचं पण काम आहे. ज्याच्यावर केस आहे किंवा होऊ शकते अशा कुणाकडून कूलर, खुर्च्या, सीसीटीव्ही, काही घेऊ नकोस, 'देणगी' म्हणून पण नको. सगळे पैसे मिळणार नाहीत, थोडे मिळतील. मग जे कमी पडतं त्यात तुझ्या पगारातून थोडं जाईल, ते जाऊ दे, पण पोलिसांना कळू दे की साहेबांनी मागणी केली होती.

दुसरं, ड्युटी लिस्ट स्वतःच्या हातात घे. हायवेची ड्युटी, बारच्या बीटची ड्युटी विकली जाते हे तुला माहीत आहे, कोण विकतं तेही दोन दिवसांत कळेल. रोटेशन लाव, फळ्यावर लिही, सगळ्यांना दिसेल असं. वीकली ऑफ खरोखर दे. मुलीची दहावी आहे, बायको बाळंतपणाला आहे, आईचं डायलिसिस आहे, याची रजा मागायला शिपायाला तुझ्या रायटरची, म्हणजे कागदपत्रं बघणाऱ्या अंमलदाराची, मिनतवारी करावी लागू नये, कारण रजा मिळवायला ज्याला पैसे द्यावे लागतात तो ते पब्लिककडूनच वसूल करणार. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत शिपाईच रस्त्यावर उतरले होते, तुला पुस्तकातून माहीत असेल, मी तेव्हा कॉलेजला होते, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. कमिशनर तेव्हा जुलिओ रिबेरो होते, आपल्यातलेच, गोव्याच्या कॅथलिक घरातले. शिपायांचं दुखणं पगाराचं होतंच पण साहेबांच्या घरी भाजी आणण्याचं पण होतं. तुझ्या घरी कुणी भाजी आणत असेल तर उद्यापासून तू आण.

मला बायबलमधला सगळ्यात जवळचा पोलीस कोण वाटतो सांगू? कफर्णहूमचा शताधिपती. शंभर माणसांवरचा अधिकारी, म्हणजे तुझ्या स्टेशनच्या मंजूर बळाएवढाच. तो येशूकडे आला ते स्वतःसाठी नाही, घरातला नोकर आजारी होता म्हणून, आणि म्हणाला मी पण हुकमाखालचा माणूस आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. दोन्ही एका वाक्यात. वरचा हुकूम आणि खालची माणसं, दोघांचं ओझं ज्याच्या खांद्यावर आहे अशा माणसाबद्दल येशू म्हणाला की इस्राएलात एवढा विश्वास मला कुठे दिसला नाही. तू चांगला ख्रिस्ती अधिकारी कसा होऊ विचारलंस, माझ्याकडे याच्यापेक्षा चांगलं उत्तर नाहीये, तुझा सगळ्यात खालचा शिपाई आजारी पडला तर तुला त्याच्या घरचा पत्ता माहीत आहे का तिथून सुरू कर.

आता एक जे तू विचारलं नाहीस. एवढ्या मोठ्या पत्रात लॉकअपबद्दल एक ओळ नाही, म्हणून मीच विचारते. पैशाच्या बाबतीत अगदी कडक असलेले, उपास करणारे, कपाळाला गंध लावणारे आणि गळ्यात क्रूस घालणारे, दोन्ही प्रकारचे अधिकारी मी पट्टा हातात घेताना पाहिलेत. योहानाने सांगितलेली दुसरी गोष्ट खोट्या आरोपाची आहे. आपल्या भागात घरफोडी झाली की डीबीची, म्हणजे गुन्हे शोध पथकाची, पोरं पहिली गाडी कुठे नेतात? पारध्यांच्या पालावर. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, १९५२ ला तो कायदा गेला, पण आपल्या रजिस्टरमधून आणि डोक्यातून नाही गेला. डिटेक्शनचा, म्हणजे उघडकीला आणलेल्या गुन्ह्यांचा, आकडा दाखवायला चार जुन्या चोऱ्या एका पोराच्या अंगावर टाकल्या जातात, त्याच्याकडे वकील नाही, बोलायला माणूस नाही, तो सही करतो. त्यात एक रुपयाची लाच नसते. तरी ते चोरीपेक्षा वाईट आहे.

तुझ्या स्टेशनचे कॅमेरे चालू आहेत का बघ, सुप्रीम कोर्टाने २०२० लाच सगळ्या पोलीस स्टेशनला सांगितलेलं आहे, लॉकअपपासून गेटपर्यंत. बंद असेल तर रिपेअरचं पत्र आजच्या तारखेचं पाहिजे. रात्री एकदा अचानक चक्कर मार, अटकेची खबर नातेवाइकाला दिली का, मेडिकल झालं का, रजिस्टर स्वतः बघ. प्रेषित पौलाला रोमन सुभेदार फेलिक्सने दोन वर्षं कैदेत ठेवलं, प्रेषितांच्या कृत्यांत सरळ लिहिलंय, त्याच्याकडून पैसे मिळतील अशी आशा होती आणि यहुद्यांना खूश ठेवायचं होतं. आत बसलेल्या माणसाला उगाच एक दिवस जास्त बसवायचं कारण तुझ्या स्टेशनला काय असतं ते शोध.

आणि काउंटर. फिर्याद घ्यायला नाही म्हणायचं नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या ललिता कुमारी निकालाने २०१३ लाच पक्कं झालं आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमात हद्द आपली नाही हे कारण पण राहिलं नाही. आठवड्यातून दोन दिवस, तासभर, काउंटरच्या बाहेरच्या बाकावर साध्या कपड्यात बस. केबिनमध्ये नाही, बाकावर. माझ्या म्हातारीसारखं कुणीतरी तुझ्या शेजारी येऊन बसेल.

दसऱ्याचं माझं मत ऐक, इतरांचं वेगळं असू शकतं. मी तिथे हजर राहायचे, चप्पल काढून, सगळ्यांसोबत उभी. पूजा स्टेशनच्या सगळ्यात ज्येष्ठ हवालदाराच्या हातून करून घ्यायचे, त्याच्या बायकोला पण बोलवायचे, त्याला आयुष्यात तो मान पहिल्यांदाच मिळायचा आणि कुणाला काही खटकायचं नाही. त्यानंतर सगळ्यांना माझ्यातर्फे नाश्ता. गैरहजर राहू नकोस, रजा टाकू नकोस, आणि त्यांच्या देवाच्या फोटोबद्दल एक शब्द बोलू नकोस, ते त्यांचं आहे आणि ते रात्रभर तुझ्यासोबत बंदोबस्ताला उभे असतात. कुणी विचारलं तर सांग मी ख्रिस्ती आहे, माझी पद्धत वेगळी आहे. लपवू पण नको.

बायबल टेबलावर नको. ड्रॉवरमध्ये ठेव, सकाळी लवकर येऊन वाच. लाज वाटते म्हणून नाही. आपण या राज्यात शंभरात एक पण नाही, तुझ्यासमोर येणारा वारकरी असेल, मुसलमान असेल, बौद्ध असेल, तो आधीच घाबरलेला असतो, त्याला टेबलाकडे बघून हा साहेब माझा का त्यांचा असा प्रश्न पडायला नको. आणि उलट बाजूने, आपल्या मंडळीतला कुणी आला तर त्याला केबिनमध्ये बसवून दुसऱ्यांना बाहेर ताटकळत ठेवू नकोस, टोकन असेल तर टोकन.

राहिली बदली. होईल. हे मी तुला गोड करून सांगणार नाही. पोलीस स्टेशनला निरीक्षकाची नॉर्मल मुदत दोन वर्षं, हे २०१४ च्या दुरुस्तीनंतर आपल्या पोलीस कायद्यातच आहे, सुप्रीम कोर्टाच्या प्रकाश सिंग खटल्यातल्या २००६ च्या निकालातून ते आलं, आणि मुदतीआधी काढलं तर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जाता येतं, कित्येक जण गेलेत आणि ऑर्डर रद्द करून आणलेत. पण जनहितात, अपवादात्मक परिस्थितीत अशी दारं त्याच कायद्यात आहेत, आणि ज्याला काढायचं असतं त्याला कारण सापडतं. मला दोनदा सापडलं. एकदा अकरा महिने कंट्रोल रूमला होते, वायरलेसचं बोलणं ऐकत. पहिले दोन महिने रडले. नंतर जिल्ह्यात कुठे काय चालतं ते तिथेच समजलं आणि मुलीचं पाचवीचं गणित पण त्या वर्षीच पक्कं झालं कारण संध्याकाळी सहाला घरी असायचे.

बायकोला दोष देऊ नकोस. १९८६ ला जालंधरला रिबेरोंवर हल्ला झाला, हल्लेखोर पोलिसांच्याच वर्दीत आले होते, आणि त्यांच्यासोबत त्यांची बायको पण जखमी झाली, ती बिचारी कुठल्या पोस्टवर नव्हती. घरच्यांना किंमत मोजावीच लागते आणि त्यांना विचारून मोजायला लावली तर ते पेलतात, न विचारता लादली तर नाही पेलत. तू तिला अजून एवढंच सांगितलंयस की मी खात नाही. काकांच्या मुलाचं सांगितलंयस का? जखमी मुलाच्या पायाचं? छातीत अडकतं ते?

आज रात्री मुलं झोपली की चहा तू कर आणि वही-पेन घेऊन दोघं बसा. फक्त पगार लिहा, वरचं एक पैसा नाही, आणि खाली सगळं, घराचा हप्ता, शाळेची फी, गावाकडे पाठवायचे, गाडी, चर्चचा दशमांश. बदली झाली, शाळा बदलली, सरकारी क्वार्टर गेलं, भाडं सुरू झालं, असं धरून परत एकदा मांडा. कुठे कमी पडतंय ते बघा. गाडीचं लोन असेल तर ते आत्ताच कमी करता येतंय का बघा, फ्लॅटचं बुकिंग मनात असेल तर दोन वर्षं थांबा. हा हिशेब जुळला की तुला फोनवर सर लेखी द्या म्हणताना आवाज कापणार नाही, मला कापायचा, कारण मी हा हिशेब फार उशिरा मांडला.

आणि ते फुटेज आणायला माणूस गेला का, आधी ते विचार.